दरीत पडलेला योद्धा: माणूस की महामानव?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा त्याच्या तीन मित्रांना घेऊन आमच्याकडे राहायला आला होता. चौघेही अकरावी-बारावीचे. दुपारची जेवणे आटोपली की ही मंडळी दिवाणखान्यात सतरंजी पसरून कागद, पेन्सिली आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे घेऊन बसत. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे ते फासे पाहूनच आम्ही प्रथम तिकडे वळलो, हे कबूल केले पाहिजे. भूमितीच्या पुस्तकातील पाचही सुसम घनाकृती एकदम हातात धरायला मिळण्याची आमची ती पहिलीच वेळ. (त्यांत एक दहा पृष्ठांचा फासाही असतो, तो या पाचांत का बसत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर शोधायला सांगावे.)

खेळ होता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीचे त्या गोष्टीतील एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी योद्धा. पात्राने करायचे धाडस साधले की फसले, हे फासे आणि नियमपुस्तक ठरवते.

भाच्याचा योद्धा खेळातील सर्वोच्च म्हणजे विसाव्या पातळीला पोचलेला होता. त्याच्यासमोर ३० फूट रुंदीची दरी आली. भाचा म्हणाला, "मी उडी मारून पलीकडे जातो." सूत्रधार मित्राने मान हलवली. "तुझा योद्धा मांत्रिक नाही. साधा माणूस आहे. त्याचे बळ वीस, म्हणून धावत येऊन मारलेली लांब उडी वीस फूट. माणसाला ३० फूट शक्य नाही." भाचा हट्टाला पेटला, उडी मारली आणि योद्धा २०० फूट खोल दरीत खडकावर पडला. नियमाप्रमाणे दर १० फुटांना सहा पृष्ठांचा एक फासा, असे २० फासे टाकले गेले. बेरीज आली ७१. योद्ध्याजवळ २२४ 'हिट पॉइंट' होते, त्यांतून ७१ वजा झाले.

"१५३ उरले," भाचा म्हणाला. "उठतो, अंग झटकतो आणि वर चढायला लागतो."

यावर कोणीही हरकत घेतली नाही! ३० फुटांच्या उडीला 'माणसाला शक्य नाही' म्हणणारा सूत्रधारही पुढची गोष्ट सांगू लागला. प्रयोगशाळेत धातूंचे तुकडे ताणून, दाबून आणि तोडून पाहणे हा आमचा रोजचा व्यवसाय; त्यामुळे आम्हांला गप्प बसवेना. "अरे, हा माणूस मेला कसा नाही?" आम्ही विचारले. "मामा, नियमच तसा आहे," चौघेही एका सुरात म्हणाले.

हा वाद केवळ आमच्या दिवाणखान्यातला नाही. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला, आणि जादू न येणारा योद्धा हा माणूस समजायचा की महामानव, यावर तो खेळणारे वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. भांडणात एक खरा अन्यायही आहे. वरच्या पातळीचा मांत्रिक काळ थांबवतो, उल्का पाडतो; त्याला कोणी अडवत नाही, कारण ती जादू. योद्ध्याने मात्र जरा काही वेगळे करायचे म्हटले की त्याच्यासमोर मानवी शरीराच्या मर्यादांचा पाढा वाचला जातो. या मर्यादा नेमक्या किती, हे मात्र सहसा कोणी मोजून पाहत नाही. आपण ते मोजू. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे घेऊ, कारण मुले तेच वापरत होती.

प्रथम एक गफलत दूर केली पाहिजे. 'जादू येत नाही' आणि 'माणसाच्या मर्यादेत आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. भीमाला मायावी विद्या येत नव्हती म्हणून तो तुमच्या-आमच्यासारखा ठरत नाही. ग्रीकांचा हेराक्लीस किंवा इंग्रजांचा बिओवुल्फ यांचेही तेच. म्हणून 'जादू आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवून किती किलोग्रॅम, किती मीटर, किती सेकंद, एवढेच विचारू.

योद्ध्याचे बळ २० असेल, आणि साध्या योद्ध्याला तेवढीच मर्यादा आहे, तर तो ६०० पौंड म्हणजे सुमारे २७२ किलोग्रॅम वजन उचलू शकतो. २०१६ मध्ये एडी हॉल या इंग्रज पहिलवानाने जमिनीवरून ५०० किलोग्रॅम उचलले होते. लाशा तालाखाड्झे या जॉर्जियाच्या भारोत्तोलकाने २०२१ मध्ये २६७ किलोग्रॅम थेट डोक्यावर नेले. म्हणजे विसाव्या पातळीचा योद्धा उचलण्यात खऱ्या माणसांच्या मागेच आहे. धावण्यात तर फारच मागे. सहा सेकंदांच्या एका फेरीत दुसरे काही न करता तो पळाला, तर ६० फूट जातो. हे ताशी ११ किलोमीटर झाले. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टम याने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पुरी केली, ती ताशी सुमारे २१ किलोमीटर वेगाने. योद्ध्याच्या अंगावर चिलखत आहे ही सबब येथे चालत नाही. चिलखत उतरवले तरी नियम त्याला अधिक वेग देत नाहीत. शाळेच्या मैदानावरची मुलेसुद्धा त्याला सहज मागे टाकतील. लांब उडी २० फूट, म्हणजे ६.१ मीटर. माइक पॉवेलची १९९१ मधील उडी ८.९५ मीटर होती. गलिना चिस्त्याकोवा हिने १९८८ मध्ये महिलांत ७.५२ मीटर नोंदवली. भाच्याने मागितलेली ३० फुटांची उडी ९.१४ मीटरची होते. पॉवेलपेक्षा जेमतेम १९ सेंटिमीटर जास्त!

ओझे वाहण्यात योद्धा बरा आहे. ३०० पौंड, म्हणजे १३६ किलोग्रॅम घेऊन तो वेग न घटवता चालतो. हे ८० किलोग्रॅमच्या माणसाच्या १७० टक्के झाले. पण नेपाळमधील हमालांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांचे सरासरी ओझे स्वतःच्या वजनाच्या ९० टक्क्यांवर भरले आणि काही जण दीडपटीहूनही अधिक वाहताना आढळले. म्हणजे हेही मानवी टोकाच्या आसपासच आहे.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. उंच उडीचा नियम त्याला ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर देतो. हाविएर सोतोमायोरने १९९३ मध्ये २.४५ मीटरची उंच उडी मारली होती. आकडे इतके जवळचे आहेत, की नियम लिहिणाऱ्याने विक्रमांचा तक्ता पाहिला असावा अशी शंका येते. पण क्रीडांगणावर २.४५ मीटरवर आडवी काठी असते आणि खेळाडू अंग वाकवून तिच्यावरून जातो. त्याचा गुरुत्वमध्य उडताना मुळातच एक मीटरहून वर असतो. तो आणखी साधारण मीटर-सव्वा मीटरच चढतो. नियम मात्र आख्ख्या योद्ध्याला ८ फूट वर नेतो. येथे तो माणसाच्या दुप्पट झाला, आणि बहुधा नकळत झाला.

असो. एवढ्या एका गोष्टीवरून त्याला महामानव म्हणता येणार नाही. आता तो दरीत पडला त्याकडे वळू.

दरी २०० फूट, म्हणजे ६१ मीटर. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची, हे नववीचे समीकरण वापरले की तळाशी वेग येतो सेकंदाला सुमारे ३४.६ मीटर, म्हणजे ताशी १२५ किलोमीटर. (हवेच्या विरोधामुळे तो थोडा कमी भरेल, तो हिशेब येथे सोडून देऊ.) योद्ध्याचे वजन ८० आणि चिलखताचे ३० किलोग्रॅम धरले, तर तळाशी पोचताना त्याची गतिज ऊर्जा ११० × ९.८ × ६१, म्हणजे सुमारे ६६,००० ज्यूल असते.

आता महत्त्वाची गोष्ट. माणूस उंचीने मरत नाही, वेगानेही मरत नाही. थांबण्याचे अंतर किती आहे यावर सगळे अवलंबून असते. गणितही अगदी सोपे आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, की गुरुत्वत्वरणाच्या किती पट झटका बसला ते जवळजवळ मिळते. खडकावर ताठ पायांनी पडलेला माणूस ५ सेंटिमीटरमध्ये थांबला असे समजा. ६१ भागिले ०.०५, म्हणजे १,२२० पट. बल होते सुमारे १३ लाख न्यूटन, म्हणजे १३० टनांहून अधिक वजनाइतके. मांडीच्या हाडाच्या घट्ट भागाचे क्षेत्रफळ सव्वातीन ते साडेतीन चौरस सेंटिमीटर धरले, तर दोन्ही पायांच्या हाडांवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००० न्यूटन दाब येतो. जिवंत, निरोगी हाड १७० च्या आसपास चुरडते. इमारतीच्या सळईचे पोलाद, ज्याच्यावर 'फे ५००' असे लिहिलेले असते, ते ५०० ला हार मानते. योद्ध्याची हाडे सळईच्या पोलादाहून चौपट आणि आपल्या हाडांहून बारापट बळकट हवीत. शिवाय हाडांचे निभावले तरी महाधमनी, यकृत आणि मेंदू आपापल्या जागी कसे राहिले, हा प्रश्न उरतोच.

"तो गुडघे वाकवून पडतो," भाचा म्हणाला. मुद्दा रास्त आहे. मांजर तेच करते आणि पॅराशूटवाल्यांना तेच शिकवतात. थांबण्याचे अंतर अर्धा मीटर धरू. झटका १२२ पटींवर आला आणि हाडांवरचा दाब २०० न्यूटनांवर. म्हणजे हाडे कदाचित काठावर पास होतील. पण आता काम स्नायूंवर आले. ६६,००० ज्यूल ऊर्जा त्यांना सुमारे ०.०२९ सेकंदात शोषायची आहे. ही शक्ती होते २३ लाख वॅट, म्हणजे ३,००० अश्वशक्ती. एके काळी आपल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन २,६०० अश्वशक्तीचे होते.

गंमत पुढेच आहे. जे पाय एवढी ऊर्जा शोषू शकतात ते तेवढी देऊही शकले पाहिजेत. स्नायू ऊर्जा शोषताना उडीपेक्षा बरेच जास्त बल सोसतात हे खरे, म्हणून सढळ हाताने निम्मी सूट देऊ. तरीही ज्या पायांनी ६१ मीटरची पडझड सोसली त्यांना ३० मीटर उंच उडी मारता यायला हवी. नियमपुस्तक देते २.४४ मीटर. एकाच देहातले तेच पाय उतरताना एका जातीचे आणि चढताना दुसऱ्या जातीचे! आम्हांला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विचार करण्यासारखी वाटलेली गोष्ट ही आहे. नियमपुस्तकातला योद्धा हा बलवान किंवा दुबळा असा एक देह नाहीच.

या आक्षेपाची कल्पना खेळ रचणाऱ्यांना नव्हती असे नाही. सूत्रधारांसाठी १९७९ मध्ये निघालेल्या पुस्तकात गायगॅक्स यांनी स्वतःच खुलासा केला आहे. त्याचा आशय असा, की पातळी वाढली म्हणून माणसाचे शरीर तेवढ्या पटीने घाव सोसू लागते असे मानणे हास्यास्पद आहे. हिट पॉइंट म्हणजे केवळ मांस आणि रक्त नव्हे. त्यात कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा यांचाही वाटा आहे. मुरलेला योद्धा वार पूर्ण बसू देत नाही; जिवावरचे खरचटण्यावर निभावून नेतो. तलवारबाजीला हा खुलासा चांगला लागू पडतो. त्या काळी लढाईची एक फेरी मिनिटाची होती, आणि जखमा विश्रांतीने दिवसाला एक गुण या संथ गतीने भरत. आताच्या नियमांत आठ तासांच्या विश्रांतीत सगळे गुण परत येतात. मोडलेले हाड जुळायला सहा आठवडे लागतात हे ज्याला ठाऊक आहे, तो म्हणेल की हे गुण म्हणजे दमछाकच असणार. आणि ते पटण्यासारखे आहे.

पण खडकाला कौशल्याने चुकवता येत नाही. नशिबाचे म्हणाल, तर ते इतिहासात नोंदलेले आहे. मार्च १९४४ मध्ये निकोलस अल्केमेड हा ब्रिटिश वैमानिक दलातील तोफची पेटलेल्या विमानातून पॅराशूटशिवाय सुमारे ५,५०० मीटरवरून पडला. सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांतून तो बर्फात आला आणि किरकोळ दुखापतींवर निभावला. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या माणसाचा वेग हवेच्या विरोधामुळे सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास स्थिर होतो. फांद्या आणि बर्फ मिळून थांबण्याचे अंतर तीन मीटर धरले, तर झटका येतो गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५० पट. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉ. जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन ४६ पटींपर्यंतचा झटका सोसला होता. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले. म्हणजे अल्केमेडचे वाचणे हे विलक्षण नशीब असले तरी मानवी देहाच्या टोकाच्या आसपासचेच होते.

योद्ध्याचे तसे नाही. वीस फाशांची बेरीज जास्तीत जास्त १२० होऊ शकते आणि त्याच्याजवळ २२४ गुण आहेत. पडण्याचे फासे वीसच्या पुढे कधी वाढत नाहीत, मग उंची २०० फूट असो की २०,०००. म्हणजे खाली बर्फ असो वा खडक, फासे कितीही वाईट पडोत, निरोगी अवस्थेत पडलेला हा योद्धा पडून मरूच शकत नाही. शंभरातून शंभर वेळा खात्रीने लाभणाऱ्या गोष्टीला नशीब कसे म्हणायचे? उकळत्या शिलारसाचे तेच. त्यातून चालणाऱ्याला दर फेरीला दहा पृष्ठांचे १० फासे, सरासरी ५५ गुण. म्हणजे योद्धा सुमारे चार फेऱ्या, चोवीस सेकंद, तग धरतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यापासून झाला तो बेसॉल्टचा रस अकराशे-बाराशे अंश सेल्सियसचा असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावरून भर दुपारच्या उन्हाच्या दोनशेपट उष्णता अंगावर येते. तेथे कौशल्य कशाचे दाखवणार?

मग हे अद्भुत शरीर आले कोठून? याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, खेळाच्या जन्मकथेत आहे. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचा एक खेळ प्रसिद्ध केला होता. त्यात शिशाच्या बाहुल्यांच्या पलटणी टेबलावर लढत. त्याच्या अद्भुतरम्य पुरवणीत एक 'हीरो' चार माणसांच्या बरोबरीचा आणि एक 'सुपरहीरो' आठ माणसांच्या बरोबरीचा धरला होता. १९७४ च्या खेळात योद्ध्याच्या पातळ्यांना नावे दिली गेली, तेव्हा चौथ्या पातळीला 'हीरो' आणि आठव्या पातळीला 'सुपरहीरो' हीच नावे आली. ज्या प्रश्नावर इतकी वर्षे वाद चालू आहे, त्याचे अर्धे उत्तर पहिल्या पुस्तकात पातळीचे नाव म्हणून छापलेले होते! योद्धा वरच्या पातळीला गेला म्हणजे त्याचे शरीर बदलले नाही; एका माणसाच्या खात्यात आठ माणसांची बेरीज जमा झाली.

हिट पॉइंटांचे मूळ आणखी मजेदार आहे. एका वारात आपला नायक मरावा हे खेळाडूंना आवडेना, तेव्हा आपण ही कल्पना अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी पत्र्याच्या लढाऊ जहाजांच्या खेळातून उचलली, असे आर्नेसन यांनी नंतर सांगितले. जहाजाला हा हिशेब शोभतो. ९ मार्च १८६२ रोजी 'मॉनिटर' आणि 'व्हर्जिनिया' या दोन चिलखती जहाजांनी कित्येक तास एकमेकांवर तोफा डागल्या. एकही बुडाले नाही. एका ठिकाणी पत्रा चेपला म्हणून दुसरीकडची तोफ बंद पडत नाही. नुकसान साचत जाते, त्याची बेरीज करता येते.

माणसाचे शरीर असे बेरजेने मोडत नाही. अंगात सुमारे पाच लिटर रक्त, सगळीकडे फिरणारे, आणि पंप एकच. त्यातले दोन लिटर गेले तर उपचाराशिवाय वाचणे कठीण. महाधमनीला भोक पडले तर बाकीचे शरीर धडधाकट असूनही उपयोग नाही. आमच्या धातूंतही असेच असते. ठरावीक लांबीपर्यंत तडा निमूट असतो. ती ओलांडली की सळई एका क्षणात दुभंगते. जहाजाचा हिशेब माणसाला लावला की असा योद्धा तयार होतो.

हाच हिशेब उलट्या टोकाला लावून पाहिला, तर आणखी एक विसंगती दिसते. या खेळातील सामान्य गावकऱ्याला ४ हिट पॉइंट असतात. तो १० फुटांवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून पडला तर एक फासा. ४, ५ किंवा ६ पडले की त्याचा निकाल. म्हणजे दर दोन गावकऱ्यांत एक! प्रत्यक्षात तीन मीटरवरून पडून माणसाचा पाय मोडेल. निम्म्यांना मृत्यू गाठतो तो साधारणपणे चौथ्या मजल्याच्या उंचीपाशी. मांजराची अवस्था तर दयनीय. त्याला २ गुण, आणि १० फुटांवरून पडल्यास सहांपैकी पाच वेळा ते मरते. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतली सुमारे ९० टक्के जगली होती. (जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार. ही त्रुटी विद्यार्थ्यांना आपण होऊन सापडते का, ते पाहावे.) लहान प्राण्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने त्याचा पडण्याचा वेग लवकर स्थिर होतो, आणि हाडांनाही वजनाच्या मानाने जाडी जास्त असते. शेवटची वर्षे भारतात घालवलेले आणि भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्येच हे फार सुंदर समजावून दिले होते. खेळाचा नियम मात्र मांजर, माणूस आणि राक्षस या तिघांना तेच फासे टाकतो.

म्हणून योद्धा महामानव आहे का, याचे आमचे उत्तर असे: उचलण्यात, धावण्यात आणि लांब उडीत नाही, तेथे तो आपल्यातल्या उत्तम खेळाडूंहून कमी आहे. पडण्यात, भाजण्यात आणि सोसण्यात निःसंशय आहे, तोही इतका की पोलादही त्याला पुरत नाही. आणि हे सोसणे जादूने होत नाही, हे खेळ स्वतःच सांगतो. सर्व जादू निष्प्रभ करणारे एक क्षेत्र या खेळात आहे. योद्ध्याने त्यात पाऊल ठेवले तरी त्याच्या २२४ मधला एकही गुण कमी होत नाही. तेव्हा 'माणसाला हे शक्य नाही' असे सांगून त्याची उडी अडवायची असेल, तर सूत्रधाराला त्याच न्यायाने त्याला दरीच्या तळाशी पुरावे लागेल. एक मर्यादा मानायची आणि दुसरी नाही, असे चालणार नाही.

नववी-दहावीच्या वर्गात हा हिशेब एका तासिकेत होतो. मुलांना उंची आणि थांबण्याचे अंतर एवढे दोनच आकडे द्यावेत: गादी, वाळूचा खड्डा, फरशी. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे का घेतात, हे त्यातून वेगळे सांगावे लागत नाही. मात्र आधी मुलांना अंदाज करू द्यावा आणि तो फळ्यावर लिहून ठेवावा. आमच्या चौघांपैकी तिघांनी योद्ध्याला 'साधारण दहापट' झटका बसेल असे सांगितले होते.

संध्याकाळी आम्ही कागद पुढे केला, तेव्हा सूत्रधार बराच वेळ तो वाचत राहिला. भाच्याने त्यातला एकच आकडा हेरला होता.

"निम्मी सूट धरून ३० मीटर. दरी ६१ मीटर," तो म्हणाला. "म्हणजे मी चढत बसत नाही. दोन उड्यांत वर येतो."

"मध्ये पाय टेकायला जागा लागेल," सूत्रधार म्हणाला आणि वीस पृष्ठांचा फासा उचलला. "कपार आहे की नाही, ते आधी ठरवू."